सुभेदारांचा कोट मुलाखतीला जातो

मी कोट बोलतोय. साधासुधा नव्हे हं, काळ्याभोर लोकरी सर्जचा, तीन बटणांचा. जरा सावरून बसा आणि ऐका.

साताऱ्याच्या एका शिंप्यानं मला लालासाहेब सुभेदारांच्या मापानं शिवलं. सुभेदार कोरेगावजवळच्या एका गावचे. पलटणीतून पेन्शनीत आले तेव्हा त्यांना वाटलं, गणवेश गेला तरी छातीवर काहीतरी रुबाबदार हवंच. लग्न असो, झेंडावंदन असो, मी कायम पुढच्या रांगेत. पुढं सुभेदारांचं पोट सुटलं आणि माझी रवानगी लोखंडी ट्रंकेत झाली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात मी सहा वर्षं काढली. नको ते दिवस!

मला बाहेर काढलं त्यांच्या मुलानं, मानसिंगनं, चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात. तो कराडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. कॉलेजचा नियम असा, की उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे एखाद्या कारखान्यात काम शिकायचं आणि तिथला दाखला आणायचा. दाखला नाही तर शेवटच्या वर्षाला प्रवेश नाही. कारखाना मात्र ज्याचा त्यानं शोधायचा.

मानसिंगनं चौदा अर्ज टाइप करून घेतले आणि पोस्टात टाकले. एकानं ‘जागा नाही’ म्हणून कळवलं, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. पोरगा रोज वसतिगृहाच्या दारात पोस्टमनची वाट बघायचा. शेवटी शेवटी पोस्टमनच लांबून मान हलवायला लागला. शहरातल्या पोरांचे काका-मामा कंपन्यांत होते, याचे सगळे उसात. अशात एक दिवस सांगलीकडच्या एका साखर कारखान्याचं कार्ड आलं, ‘चीफ इंजिनिअरांना समक्ष भेटा.’

तेवढ्यासाठी मला ट्रंकेतून काढून उन्हात टाकलं, इस्त्री केली. सुभेदारांनी एक पाकीट माझ्या आतल्या खिशात कोंबलं.

“आप्पासोंची चिठ्ठी हाय. आदी चिठ्ठी द्यायची, मग त्वांड उघडायचं.”

“आबा, त्यांनी माझे मार्क बघूनच बोलवलंय.”

“मार्क समदी बघत्यात रं. चिठ्ठी वाचत्यात!”

आप्पासो म्हणजे सुभेदारांचे पाहुणे आणि त्याच कारखान्याचे संचालक. वशिल्याशिवाय म्हैससुद्धा पान्हा सोडत नाही, अशी आमच्या सुभेदारांची पक्की समजूत. मानसिंगनं मला अंगात चढवलं. बापापुढं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती.

कारखान्याचे चीफ इंजिनिअर नेमिनाथसाहेब बारीक चणीचे, कमी बोलणारे. आबांनी सांगितल्याप्रमाणे मानसिंगनं आधी पाकीट पुढं केलं. साहेबांनी वाचलं आणि उठून दार लोटून घेतलं.

“तुमचे पाहुणे गेल्या महिन्यात कारखान्याच्या निवडणुकीत पडले, ठाऊक आहे का? त्यांचं आख्खं पॅनेल पडलं. ही चिठ्ठी वरच्या मजल्यावर कुणी बघितली, तर तू गेटाबाहेर, आणि तुझ्यामागं मी.”

माझ्या आत मानसिंगचा सदरा घामानं चिंब झाला. मी मात्र ताठ उभा. चिठ्ठी बुडाली तर बुडू दे, मी आहे ना! माझा रुबाब बघून कुणीही जागा देईल, असं मला मनापासून वाटत होतं. साहेबांनी माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही.

तेवढ्यात रामगोंडा नावाचा म्हातारा फिटर दार ढकलून आत आला. “सायेब, पंप परत पानी सोडाय लागलाय, वर वढतच न्हाई. तळाचा फुटवॉल बघितला, ग्लँडचं पॅकिंग बदललं, काय बी उपेग न्हाई. पानी थांबलं तर गाळप थांबंल बगा.”

साहेब तसेच धावले. मानसिंगला कुणी बोलावलं नव्हतं, तरी तो मागोमाग गेला. पंप घरघरत होता. मानसिंगनं कान देऊन ऐकलं.

“साहेब, हवा घेतोय.”

“ते आम्हालाही कळतंय. कुठनं घेतोय ते सांग. पाइपाला पाच जोड आहेत, सगळे खोलायचे म्हणजे दिवस जाईल.”

हंगामाचे शेवटचे दिवस. पलीकडं उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, बैल रवंथ करत होते. मानसिंगनं तिकडं बघितलं, आणि माझी तिन्ही बटणं सोडून मला सरळ कठड्यावर भिरकावलं! असा अपमान माझा ट्रंकेतही झाला नव्हता. सदऱ्याच्या बाह्या सरसावून तो पळाला आणि पाटीभर ताजं शेण घेऊन आला.

“आवं, ह्ये काय करतासा?” रामगोंडा ओरडला.

“आमच्या हिरीवर असंच करत्यात, मामा. ज्या जोडाला शेण लिंपल्यावर पंप पानी धरील, त्योच जोड चोर!”

पहिल्या जोडाला लिंपलं, काही नाही. दुसऱ्याला, तिसऱ्याला, तरी तेच. माणसं हसायला लागली. चौथ्या जोडावर शेण थापलं तसं ते भसकन आत ओढलं गेलं, घरघर थांबली आणि पाण्याची धार धो धो पडायला लागली.

रामगोंडानं मानसिंगच्या पाठीवर असली थाप मारली, की कठड्यावर मी दचकलो. “लय भारी, गड्या!”

“हे कुठल्या पुस्तकात आहे?” साहेबांनी विचारलं.

“पुस्तकात न्हाई, साहेब.”

“मग वहीत लिहून ठेव. दोन मेपासून कामावर ये.”

जागा मिळाली एवढं कानावर पडताच घरी सुभेदार पेढ्यांचा पुडा घेऊन आप्पासोंकडं निघालेच. “बघ, चिठ्ठीनं काम केलं का न्हाई?”

“चिठ्ठीनं न्हाई, आबा. शेणानं.”

सुभेदारांनी सगळी हकीकत ऐकून घेतली. मग इतके हसले, की डोळ्यांत पाणी आलं. उठून गोठ्यात गेले आणि पहिला पेढा बैलाला चारला. त्यानंतर महिनाभर गावात ज्याला त्याला तेच सांगत होते, “माज्या पोरानं चिठ्ठीबिगर जागा काडली!”

मानसिंगला दाखला मिळाला, पदवीही मिळाली. जाताना तो मला कराडच्या वसतिगृहाला देऊन गेला. आज पाच वर्षं मी तिथल्या खुंटीवर आहे. कोपरं विरली आहेत, एक बटण परक्या रंगाचं आहे. एप्रिल आला, की पोरं माझ्यासाठी भांडतात. कुणी माझ्यात बुडतो, कुणाला मी काखेत काचतो, पण कारखान्याच्या दारात सगळेच ताठ उभे राहतात. नेमिनाथसाहेब दरवर्षी कराडची दोन पोरं घेतात.

तेव्हा पोरांनो, मला घालून खुशाल जा. दारातून आत न्यायला मी पुरेसा आहे. पण आत गेल्यावर बाह्या सरसावाव्या लागतात, आणि त्या माझ्या नव्हेत, तुमच्या सदऱ्याच्या. तेव्हा मला बेलाशक काढून फेका. मला आता त्याचा राग येत नाही.