लोटचा निकाल लागेपर्यंत

शनिवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ओस्त्रिन्का गावातल्या ज्यूंच्या प्रार्थनाघरात ब्राइना त्स्वेर्न ही एकोणीस वर्षांची मुलगी बायकांच्या माडीवरून खाली उतरली, पुरुषांच्या बाकांमधून सरळ चालत गेली आणि शास्त्रग्रंथाच्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली. कपाट उघडायला निघालेले व्यवस्थापक कोपल दोन पावलं मागे सरले.

“आजचं वाचन मी अडवते आहे,” ती म्हणाली.

आमच्याकडे हा हक्क जुना आहे. ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने, मग तो पुरुष असो की बाई, शनिवारी ग्रंथ बाहेर काढण्याआधी उभं राहायचं आणि गाऱ्हाणं मांडायचं. दाद लागेपर्यंत, किंवा ती लागेल असा भरवशाचा शब्द मिळेपर्यंत, ग्रंथ कपाटाबाहेर येत नाही. याआधी सहा वर्षांपूर्वी एका विधवेने स्नानघराच्या धुरासाठी वाचन अडवलं होतं, आणि पुढच्या शनिवारपर्यंत नवं धुराडं बसलं होतं. धुराचं गाऱ्हाणं सोपं असतं. ब्राइनाचं गाऱ्हाणं शास्त्रग्रंथातल्या लोटबद्दल होतं, आणि लोटला जाऊन काही हजार वर्षं झाली आहेत.

त्या आठवड्याचा पाठ नेमका त्याचाच होता. सदोम गावात दोन परके पाहुणे येतात. लोट त्यांना आग्रहाने घरी नेतो, भाकरी करून वाढतो. रात्री सगळं गाव दाराला वेढा घालतं: पाहुणे आमच्या हवाली कर. लोट बाहेर येतो, पाठीमागे दार लावून घेतो आणि सांगतो की पाहुणे माझ्या छपराखाली आलेत, त्यांना हात लावू नका. माझ्या दोन कुमारी मुली आहेत, त्यांना आणून देतो, त्यांचं काय हवं ते करा. हा भाग दरवर्षी वाचला जातो, आणि दरवर्षी वाचणारा इथे जरा घाई करतो.

ब्राइनाचे वडील अन्शेल दोरे आणि बटणं विकतात, पण त्यांचं नाव आहे ते पाहुणचारासाठी. शुक्रवारी संध्याकाळी वाटसरू प्रार्थनाघराच्या दाराशी उभे राहतात आणि कोणी कोणाकडे जेवायचं हे कोपल चिठ्ठ्या देऊन ठरवतात. अन्शेल कोपलच्या पुढे उभे राहतात आणि चिठ्ठी निघायच्या आत पाहुण्याचा दंड धरतात. आमचा मूळपुरुष अब्राहाम याच्या तंबूला चारी दिशांना दारं होती असं सांगतात, म्हणून अन्शेलने स्वतःच्या घराला मागच्या बाजूने आणखी एक दार पाडून घेतलं. त्याने पाहुणे वाढले नाहीत, वारा वाढला. त्यांची बायको डोब्रिश वर्षातले आठ महिने घरात शाल पांघरून वावरते. शेगडीजवळचा पलंग पाहुण्याचा, बाक अन्शेलचा, आणि मायलेकी स्वयंपाकघरात पिठाच्या पोत्यांशेजारी निजतात.

या शुक्रवारचा पाहुणा फायविश हा गावोगाव फिरून हंसाची पिसं विकत घेणारा आणि विकणारा माणूस. वय बावन्न, दोनदा विधुर. त्याने माशाचं डोकं खाल्लं, सूप तीनदा घेतलं आणि उसासा टाकला. अन्शेल प्रत्येक पाहुण्याला विचारतात तसं त्यांनी विचारलं की काय कमी आहे सांगा, या घरातून कोणी मागितलेलं न मिळता गेलेला नाही. एरवी पाहुणे मीठ मागतात. फायविश म्हणाला की त्याच्या आयुष्यात आता फक्त बायको कमी आहे. अन्शेलने एकदा पाहुण्याकडे पाहिलं, एकदा सूप घेऊन उभ्या असलेल्या ब्राइनाकडे पाहिलं आणि टेबलावरून हात पुढे केला. फायविशने तो धरला. ब्राइनाने पातेलं खाली ठेवलं. ते फुटलं वगैरे नाही. शनिवारी अंधार पडल्यावर सोयरिकीचा कागद करायचा आणि रविवारी सकाळी तो घेऊन फायविशने पुढच्या गावाला निघायचं, असं ठरलं.

प्रार्थनाघरात सगळ्यांत आधी एका वकिली डोक्याच्या माणसाने सुचवलं की शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच लागतो आणि शनिवारचा व्यवहार धरत नाहीत, तेव्हा हा शब्दही रद्द समजावा. रब्बी योना यांना नाइलाजाने सांगावं लागलं की सोयरिकीची बोलणी शनिवारी चालतात. पण काळजीचं कारण नाही, ते ब्राइनाला म्हणाले. सज्ञान मुलीच्या होकाराशिवाय लग्न लागतच नाही, तिने नाही म्हणावं आणि वर जाऊन बसावं.

“नाही म्हणायला मला येतं, रब्बी. पण मी नाही म्हटलं की बाबा जेवण सोडतील, आई रडत बसेल आणि महिनाभरात मी हो म्हटलेलं असेल. तुमच्याकडे ते हो धरलं जातं ना?”

रब्बींनी दाढीवरून हात फिरवला. धरलं जातं.

“मग एवढंच सांगा. लोटने केलं ते बरोबर की चूक? बरोबर असेल तर मी लग्नाला उभी राहते. चूक असेल तर गावासमोर तसं म्हणा, म्हणजे बाबांना शब्द मोडल्याची लाज वाटणार नाही.”

रब्बींनी सोमवारी रीतसर बैठक बसवतो असं सांगून पाहिलं. ब्राइना म्हणाली की सोमवारपर्यंत कागद तीन गावं पुढे गेलेला असेल. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं की मुलीच्या मनात दुसरा कोणी आहे का. कोणी नाही, ती म्हणाली, पण म्हणून हा असला पाहिजे असं होत नाही.

त्यानंतर दीड तास ओस्त्रिन्कात लोटवर जेवढं बोललं गेलं तेवढं गेल्या शंभर वर्षांत बोललं गेलं नसेल. खिडकीकडच्या बाकांचं म्हणणं पडलं की लोट अब्राहामचा पुतण्या, पाहुणचार तिथे शिकला, आणि आपलं सगळ्यांत मोलाचं तेच त्याने पाहुण्यांसाठी पणाला लावलं. शेगडीकडच्या बाकांनी विचारलं की मोलाचं होतं तर स्वतःला का नाही दिलं. खिडकीकडून उत्तर आलं की ती नुसती हूल होती. गावकरी मुली घेणार नाहीत हे त्याला माहीत होतं. शेगडीकडून एकाने विचारलं की मुलींना ते माहीत होतं का. एका म्हाताऱ्याने सगळा दोष लोटच्या बायकोवर टाकला: तिला पाहुण्यांसाठी मीठसुद्धा काढून द्यायला जड जात होतं, सदोमचा नाश झाला तेव्हा उगाच नाही ती मिठाचा खांब झाली.

इथे माडीच्या जाळीआडून डोब्रिश बोलली. घरच्या मुली द्यायच्या आधी तिला कोणी विचारलं असतं, तर ती मीठ मोजत बसली नसती. आणि एकच लोट नाही, ती पुढे म्हणाली. गिबा गावातली गोष्ट काढा. तिथेही पाहुणा, तिथेही रात्री दाराला वेढा, तिथेही म्हातारा यजमान बाहेर येऊन जवळपास शब्दशः तेच बोलतो. फक्त लोटचे पाहुणे देवदूत निघाले, तिथला निघाला नाही, म्हणून पाहुण्याने स्वतःच्या बाईलाच बाहेर ढकललं, आणि सकाळी ती उंबऱ्यावर हात टाकून पडलेली होती. डोब्रिशने हे सगळं आवाज न चढवता सांगितलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी कोपलने, ज्यांना वादापेक्षा वाचनाची चिंता होती, एक मुद्दा काढला. लोटच्या गोष्टीत शेवटी दार कोणी बंद केलं? पाहुण्यांनी. त्यांनीच हात बाहेर काढून लोटला आत ओढलं आणि मुली वाचवल्या. तेव्हा चांगल्या पाहुण्याने असा शब्द स्वतःच परत करावा. सगळी डोकी फायविशकडे वळली. त्याला मानाची जागा दिलेली होती, पूर्वेच्या भिंतीलगत.

“ते देवदूत होते,” फायविश म्हणाला. “पिसं मी विकतो, मला अजून फुटलेली नाहीत.”

आपली बाजूही त्याने शांतपणे मांडली. त्याने मुलगी मागितली नव्हती. काय कमी आहे असं विचारल्यावर खरं सांगितलं होतं. आता त्याने हात मागे घेतला तर यजमानाचा अपमान होईल, आणि अन्शेलसारख्या माणसाचा अपमान तो करणार नाही. यजमानाने स्वतः नाही म्हटलं तर मात्र त्याची काही तक्रार नाही. अकरा गावांत त्याने ते ऐकलेलं आहे.

बाराच्या सुमाराला भट्टीवाल्याकडे रात्रभर ठेवलेल्या पातेल्यांचा वास रस्ता ओलांडून आत आला. मांस, वाल, बटाटे. त्याचा परिणाम दोन्ही बाकांवर सारखाच झाला. रब्बी योना उठले.

“पाहुणे माझ्या छपराखाली आलेत, असं लोट म्हणाला,” ते म्हणाले. “मुली कुठे राहत होत्या मग? छप्पर आधी त्यांच्यावर होतं. लोट चुकला. पाहुणचार त्याचा होता, मुली त्याच्या देण्याच्या नव्हत्या.”

खिडकीकडचे कुरकुरले, पण भूक त्यांनाही होती. कोपल कपाटाकडे सरकले. ब्राइना हलली नाही. तिने रब्बींचे आभार मानले आणि म्हणाली की आता हे बाबांनी त्या गृहस्थांना सांगावं, म्हणजे ती वर जाईल.

अन्शेल सकाळपासून प्रार्थनेची शाल कपाळापर्यंत ओढून बसले होते. त्यांनी ती मागे केली.

“मला ते म्हणता येत नाही,” ते म्हणाले. “अठ्ठावीस वर्षं झाली, दारात आलेल्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही. तो शब्द तोंडात कसा आणतात तेच मला ठाऊक नाही.”

“घरात तर रोज म्हणता,” जाळीआडून डोब्रिश म्हणाली.

बाकांवर हसू पसरलं. अन्शेल हसले नाहीत. ते बराच वेळ वर जाळीकडे पाहत राहिले, जणू कोणीतरी त्यांच्या घरात आणखी एक दार पाडलं होतं आणि ते त्यांना आत्ताच दिसत होतं. रब्बींनी त्यांना सांगितलं की एकच शब्द आहे, पाहुण्याकडे तोंड करून म्हणायचा. तोवर कोणी घरी जाणार नाही.

साडेबाराला अन्शेल पहिल्यांदा उठले, फायविशसमोर उभे राहिले आणि खिडकीतून वारा तर लागत नाही ना, असं विचारून परत बसले. एक वाजून दहा मिनिटांनी ते दुसऱ्यांदा उठले. या वेळी सुरुवात बरी झाली, पण वाक्य संपलं ते जेवायला आमच्याकडेच यायचं यावर. फायविश अवघडून हो म्हणाला.

शेवटची बातमी कळली तेव्हा दुपारचे पावणेदोन झाले होते. कपाट बंद होतं. ब्राइना त्याच्या पायरीवर बसली होती. डोब्रिश माडीवरून खाली येऊन पुरुषांच्या दाराशी उभी होती आणि तिला कोणी हटकलं नव्हतं. अन्शेल तिसऱ्यांदा उठले होते, आणि या वेळी पाहुण्याकडे वळण्याआधी त्यांनी मुलीकडे पाहिलं होतं.