तीन पाण्यांचा मासा

विहिरीच्या भांडणात आधी बैलाचं शिंग गेलं आणि मग पुंजाजीचे दोन दात. दात पाडणारा कुणी परका नव्हता, पाठचा भाऊ किसन होता. वाटणीत विहीर किसनच्या वावरात गेली, पण पाणी दोघांचं ठरलं होतं. तरी ऊन तापायला लागताच त्यानं वाटेवर बाभळीचे काटे रचले आणि कुऱ्हाड घेऊन बसला. इकडे पुंजाजीचा कांदा वाफ्यातच करपायला लागला. त्याची बायको गोजरबाई कोसभर लांबच्या झऱ्यावरून दिवसाला दोन घागरी आणायची आणि वाटभर दिराला पोटभर शिव्या द्यायची.

शिव्यांनी काही वाफे भिजत नाहीत. शेवटी उंद्रीचे जुने पंच वामनराव मध्ये पडले. रीत जुनीच होती: भावांनी एका ताटात जेवायचं, थोरल्यानं धाकट्याला पहिला घास भरवायचा आणि हात धुतले की काटे काढायचे. कांदा वाचायचा तर एवढा एकच घास गोड व्हायला हवा होता.

किसन माशावर जीव टाकणारा. म्हणून गोजरबाईनं बाजारात मासेवाल्या शकूरकडून घोळ घेतली. समुद्राच्या तळाशी राहणारा हा मोठा मासा, मिठात मुरवून फळीसारखा कडक वाळवलेला. तिच्या सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता.

“बाई, मुंबईवाले जान टाकते इच्यावर,” शकूर म्हणाला. “पण रातभर भिजू द्या. तीन डाव पाणी बदला. नाईतर तोंडात धरता येनार नाई.”

“हाव, समजते मले.”

समजलं होतं, पण घागरीत पाणी होतं वीतभर. स्वयंपाक त्यातच, पिणंही त्यातच. तिनं घोळ एकदाच खंगाळली आणि नदीच्या माशाला घालायची तसं वरून मूठभर मीठही घातलं. सवयीचा हात, त्याला काय बोलायचं!

पुंजाजीनं घास भरवला. किसननं चावला, डोळे फिरवले आणि सगळा घास भावाच्या तोंडावर थुंकला.

“इख! इख घातलं बे मले!”

वामनराव उठेपर्यंत ताट उडालं, लाथेनं घागर फुटली. पुंजाजीनं त्याची गचांडी धरली तशी किसननं दारामागची कुऱ्हाड ओढली. दांड्याच्या पहिल्याच तडाख्यात पुंजाजीचं मनगट कडकन मोडलं. दुसऱ्या वेळी पातं वर आलं.

“थांब!” गोजरबाई ओरडली. कालवणाच्या गंजापाशी बसून ती मुठी भरभरून घोळ खायला लागली. “इख हाय ना? पाह्य मंग, मरते का मी!”

ओठ चिरले, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिचा हात थांबेना. किसनची कुऱ्हाड वरच राहिली. त्याची बायको वच्छलाबाई पुढे झाली, गंजात बोट बुडवून तिनं चाटलं.

“इख कायचं? नुसतं मीठ हाय! बाई, भिजवली काऊन नाई?”

“तीन पाणी लागते तिले. कोठून आणू? तुह्या नवऱ्यानं काटे टाकले ना इहिरीवर!”

एवढं बोलली आणि गोजरबाई भडाभडा ओकली. ओकारीत रक्त होतं. घरात पाण्याचा थेंब नव्हता. वच्छलाबाईनं कोपऱ्यातली रिकामी कळशी उचलली.

“काट्याले हात लावशील तर हात तोडीन!” किसन गरजला.

“तोड.”

ती विहिरीकडे चालू लागली. नुसत्या हातांनी तिनं काटे उपसून फेकले, कोपरापर्यंत रक्तबंबाळ झाली. मागोमाग आलेल्या किसनचा हात तिला मारायला उठला नाही. स्वतःच्याच काट्यांनी त्याची जीभ पोळली होती.

कळशी आली. गोजरबाई प्याली. किसननं ओंजळ पुढे केली.

“आंधी थोरले,” वच्छलाबाई म्हणाली, आणि पुंजाजीच्या तोंडाशी कळशी धरली. किसन ओंजळ तशीच धरून उभा राहिला.

मनगट वाकडंच जुळलं. भाऊ एकमेकांशी पुन्हा बोलले नाहीत. पण काटे परत पडले नाहीत, कांदा जगला. पुढच्या बाजाराला गोजरबाईनं दुसरी घोळ आणली, त्याच विहिरीच्या तीन पाण्यांत भिजवली आणि वाडगाभर दिराकडे धाडली.

वाडगा परत आला तेव्हा चाटूनपुसून लख्ख होता.