पेंढ्याच्या माणसांची तीट

हेमंतातलं हळदवर्णी, दवस्नात ऊन करंजमाळावर उतरतं आणि गवतावर दूरदूर लोळत जातं. गवतात बराकींची जोती, गंजलेल्या तारा, चांदमारीचा ढासळलेला बांध. मोठ्या लढाईच्या वर्षांत इथं फौजेचा शिक्षणतळ होता. आता गुरं चरतात.

तेव्हाचा माळ धुळीचा, शिट्ट्यांचा, बुटांच्या अखंड तालाचा. कोवळ्या मिसरुडांची, शेणामातीच्या हातांची पोरं इथं संगीन खुपसायला शिकायची. खुपसायला समोर माणूस हवा. तो पेंढ्याचा करत.

तो शिवायची अनसाक्का. माळाखालच्या वाडीत तिच्यासारखी वाकळ कुणी शिवत नसे. गोणपाटात पेंढा ठासायचा, टाके घालायचे, झालं. पण मांडीवर धड आलं, नि हात पडला बाईचा. तो सवयीनं काजळाकडे गेला. तीट लावल्याशिवाय वाडीत लेकरू मांडीवरून उतरवत नसत. याला तर तोंडच नव्हतं. मग तिनं तीट छातीवर लावली, डावीकडे.

तळावरचे दळवी हवालदार खूश झाले. "अक्का, झकास खूण केलीत. पोरांचा नेम बसतो. सगळ्यांना लावा."

कौतुक कुणाला नको असतं? तिनं तीट मोठी केली, गोल केली, ठसठशीत केली.

एकदा शिवलेली धडं पोचवायला ती वर गेली. काळ्या ठिपक्यातून, त्याच काळ्या ठिपक्यातून, पुन्हा त्याच काळ्या ठिपक्यातून पातं आरपार जात होतं. तिच्या मनात आलं, उद्या समोर जो उभा राहील, त्यालाही कुणी तीट लावली असेलच की. आणि तरी, सांगायचीही लाज वाटते, फाटलेली धडं तिनं घरी आणली, शिवली, पुन्हा तीट लावली. शाबासकीची चटक वाईट.

लढाई संपली. तळ उठला. पत्रे गेले, दारं गेली, माळ गवताला परत मिळाला. काही वर्षांनी अनसाक्काला नातू झाला.

बारशाच्या सकाळी सून काजळाची डबी घेऊन आली. "आत्याबाई, पहिली तीट तुमच्याच हातची."

न्हाऊमाखू घातलेलं, उघडं, लोण्यासारखं लेकरू मांडीवर. तिनं बोट काजळात बुडवलं. शिकलेलं, सरावलेलं, शाबासकी मिळालेलं बोट गालाकडे गेलंच नाही. ते डाव्या छातीकडे गेलं, आणि तिथल्या इवल्या धडधडीवर येऊन थबकलं.

"आत्याबाई, गालाला."

"तूच लाव बाई," ती खाली मान घालून म्हणाली.

बोट तिनं मुठीत झाकलं. अंगणात बाया पाळणा म्हणत होत्या, ऊन माळावर चढत होतं, गवत हलत होतं, आणि मुठीतलं काजळ ओलंच होतं.