बाळाच्या गादीचा कापूस

उल्काने पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा ती साडेचार वर्षांची होती, आणि याला बर्फ म्हणतात हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिचे बाबा, श्रीरंग, स्टुटगार्टला इंजिनियरिंगची डॉक्टरेट करत होते. एकसष्ट सालच्या दसऱ्यानंतर उल्का आणि तिची आई शुभा मिरजेहून त्यांच्याकडे आल्या. टेकडीच्या उतारावर, फ्राऊ किंडलर नावाच्या म्हाताऱ्या बाईंच्या घरात, त्यांना माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या होत्या. शुभाला दिवस गेले होते. थंडीची, परक्या भाषेची आणि दारापासून सुरू होणाऱ्या उभ्या दगडी पायऱ्यांची तिने इतकी धास्ती घेतली होती, की ती घराबाहेर पडतच नसे.

डिसेंबरातल्या एका सकाळी बाबा कामाला गेले आणि शेगडीच्या उबेत आईचा डोळा लागला. उल्का खिडकीशी गेली. बाहेर कापूस पडत होता.

कापूस तिच्या ओळखीचा होता. मिरजेला दिवाळीच्या आधी अंगणात पिंजारी येई. त्याच्या पिंजणाची तार टणटण वाजायची आणि कापूस उडून तुळशीवर, आजोबांच्या मिशांवर जाऊन बसायचा. इथला पिंजारी फार मोठा असणार, टेकडीच्याही वर बसलेला. कालच आई बाबांना म्हणाली होती, अहो, बाळासाठी मऊ गादी इथे कुठून आणायची? उल्काने उशीचा अभ्रा काढला, कोट चढवला, बटणं चुकीच्या काजांत घातली आणि हळूच जिना उतरली.

कापूस गार होता. नवा कापूस गारच असणार, असं तिने ठरवलं. कुणी त्यावर झोपलं की मग तो ऊबदार होतो. रस्त्याकडेच्या मोटारी दुलया पांघरून निजल्या होत्या. कुंपणाच्या खांबांनी टोप्या घातल्या होत्या. कुणाला जाग येऊ नये म्हणून ती चवड्यांवर चालत, ओंजळी भरभरून अभ्र्यात टाकत गेली. इतक्यात वरून बारीक आवाज आला. तार वाजत होती. ती पायऱ्या चढू लागली.

शुभाला जाग आली तेव्हा दार उघडं होतं. ती जिन्यावरून धावत खाली आली. फ्राऊ किंडलर यांनी काही न विचारता आपले बूट तिच्यापुढे ठेवले आणि अंगणातल्या इवल्या पावलांकडे बोट दाखवलं. साडीवर श्रीरंगचा जुना ओव्हरकोट घालून शुभा त्या पावलांमागे निघाली. इथे उल्का थांबली होती. इथे बसली होती. इथे दोन्ही हातांनी उकरलं होतं. घसरण्याची भीती केव्हा मागे पडली, ते शुभाला कळलंही नाही.

टेकडीच्या माथ्यावर, ट्रामच्या थांब्यापाशी उल्का उभी होती. तोंड वर, पापण्या पांढऱ्या, हातात जड झालेला अभ्रा.

"आई, हळू," ती म्हणाली. "त्याचं काम चाललंय. ऐक."

शुभाने तिला घट्ट जवळ घेतलं. डोक्यावरची विजेची तार खरंच गुणगुणत होती. लांब कुठेतरी ट्राम चढण चढत असणार, हे तिला कळत होतं.

"ऐकू आलं?"

"आलं," शुभा म्हणाली.

मग तिने वळून पाहिलं. खाली सगळं शहर पसरलं होतं, छपरं, धुराडी, उतारांवरचे द्राक्षांचे मळे, आणि या सगळ्यावरून कापूस सावकाश उतरत होता. दोन महिने ती या शहरात राहत होती आणि आज ते तिला पहिल्यांदा दिसत होतं. ट्राम आली, त्यांच्यासाठी क्षणभर थांबली आणि घंटा वाजवून निघून गेली.

घरी पोचेपर्यंत अभ्र्यातून पाणी गळायला लागलं होतं. उल्का थोडी रडली. संध्याकाळी बाबांनी तिला मांडीवर घेऊन ढग, वाफ आणि थंडी यांची सगळी हकिकत समजावली. तिने ती शहाण्यासारखी ऐकून घेतली आणि विचारलं, "मग बाळाची गादी?"

शुभाच म्हणाली, "उद्या आम्ही दोघी बाजारात जाऊन बघतो."

श्रीरंगने चकित होऊन तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. मायलेकी हात धरून पायऱ्या उतरू लागल्या. पांढऱ्यावर उमटलेल्या खुणा कुणाकुणाच्या, ते उल्का आईला सांगत होती: हा पोस्टमन, हे कुत्रं, ही काठीवाली आजी. एका कठड्यावर पाखराची नाजूक पावलं होती. थोडी पुढे गेलेली, आणि मग नुसतं पांढरं.

"इथून ते उडालं," उल्का म्हणाली, आणि दोघी बराच वेळ वर बघत उभ्या राहिल्या.