आईचा पेला

"टाकी एकदम उतरली. काय चाललंय घरात?"

नवऱ्याचा ऑफिसातून फोन होता. तिचे हात साबणाने भरलेले, म्हणून फोन बाथरूमच्या खिडकीत स्पीकरवर ठेवलेला. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर तिची आई ओल्या अंगाने बसलेली.

"आईला आंघोळ घालतेय."

"इतकं पाणी?"

"चादरही धुतली. ठेवा आता."

तिने तांब्या भरला, तर आईने हात आडवा धरला. पाठीवर साबण तसाच होता.

"पुरे गं. झाली आंघोळ."

नवरा विमा कंपनीत कारकून, पण जीव सगळा छंदात. गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाखाली त्याने एक सेन्सर बसवला होता, गाड्यांच्या मागच्या बाजूला असतो तसला. तो आवाज सोडायचा, पाण्यावर आपटून परत आलेला ऐकायचा आणि टाकी किती भरलीय ते नवऱ्याच्या फोनवर सांगायचा. सुरुवातीला त्यावर थेंब साचत आणि रिकामी टाकी भरलेली दिसे. तेव्हा कपडे दुरुस्तीचं आपलं टेबल तिनेच त्याला मोकळं करून दिलं होतं, वायरी धरून उभी राहिली होती. नवऱ्याला व्यसन असण्यापेक्षा छंद बरा, असं गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगितलं होतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय! नळाला रोज पाणी येत होतं, टाकी भरून वाहत होती. टंचाई कसली ती नव्हतीच. फोनवरची रेघ खाली आली की याच्या पोटात दुखायचं, एवढंच.

रविवारी त्याचे छंदवाले मित्र आले. ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा फोन हातोहात फिरत होता.

"ही सकाळची भांडी," नवरा रेघेवर बोट फिरवत म्हणाला. "आणि ही दुपारची दरी आमच्या सासूबाईंची. चादरींसकट."

मित्र हसले. तोही हसला. आईच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. तिची कानशिलं तापली, पण पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून तिने कप ठेवले आणि आत गेली. त्या गप्प बसण्याचा तिला नंतर स्वतःचाच संताप आला.

त्यानंतर आईची चादर कोरडी राहू लागली. आईला बरं वाटतंय असं समजून तिला आनंदच झाला. मग एका दुपारी आई काही सांगायला गेली आणि शब्दच फुटेना, जीभ टाळूला चिकटलेली. उशाचा पेला सकाळी भरला होता तेवढाच भरलेला.

"आई, पाणी का नाही प्यायलीस?"

आईने कोरड्या चादरीवरून हात फिरवला.

"प्यायलं की चादर भिजते. मग तू धुतेस. मग त्यांना दिसतं."

संध्याकाळी नवरा तिच्या टेबलावर नवी वायर जोडत बसला होता. तिने तो पेला त्याच्यासमोर आदळला. पाणी वायरींवर उडालं.

"हे मोजा."

"अगं, काय करतेस!"

"आईचा पेला आहे, सकाळपासून भरलेला. लावा याला तुमचा सेन्सर आणि दाखवा मित्रांना."

"मी आपलं गमतीने बोललो होतो..."

"एका म्हाताऱ्या बाईच्या मुताची गंमत केलीत तुम्ही, चारचौघांत. माझी आई या घरात पाणी प्यायला घाबरते."

त्याने मान खाली घातली.

"असं करतो," तो म्हणाला, "दुपारचं रीडिंग दिसणारच नाही, अशी सोय करतो."

इतकी वर्षं संसार केला, पण या माणसाच्या थोबाडीत द्यावी असं तिला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं.

"वर जा," ती म्हणाली. "आणि काढून आणा ते."

तो गेला. उतरला तेव्हा सेन्सर मुठीत होता, वायर मागे लोंबत होती. आईच्या दारात तो अवघडून उभा राहिला.

"आई, काढलं मी ते. तुम्ही पोटभर प्या."

"असू द्या हो, जावईबापू," आई घाईघाईने म्हणाली. "मला कुठे एवढं लागतं."

तो गेल्यावर तिने ताजं पाणी आणलं, आईच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं आणि पेला ओठांना लावला. आईने एक घोट घेतला. किती तहानलेली होती, ते तिच्या घशाच्या हालचालीवरून दिसत होतं.

"अजून घे."

दुसरा घोट घेण्याआधी आईने वर छताकडे पाहिलं.