आधी तुम्ही, दाजी

मेहुण्याने दोन्ही तळवे दोन बटणांवर टेकवले आणि तोंड फिरवलं.

"इकडे बघ," दाजी म्हणाले. त्यांचा डावा हात मनगटापर्यंत प्रेसच्या साच्याखाली होता. "बहिणीला काय सांगशील, डोळे मिटून दाबलं म्हणून?"

"दाजी, अजून विचार करा."

"विचार सरकारने केलाय. निवृत्ती अठ्ठावन्नला होती, मग साठला, आता पासष्टला. मी पोचलो की उंबरठा पुढे सरकतो. धडधाकट माणसाला सुटका नाही. पंजा गेला की मात्र दुसऱ्या दिवसापासून घरी, पेन्शन चालू. नियमात छापलंय."

जेवणाची सुट्टी होती. बाकीचे बाहेर सावलीत आडवे झाले होते. पूर्वी डब्यांची झाकणं कापणारी ही प्रेस वर्षाला दोन-तीन पंजे आपणहून घ्यायची. मग सुरक्षा अधिकारी आले आणि हातभर अंतरावर दोन बटणं बसवून गेले. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय साचा खाली येईना. म्हणजे आता हात घालवायचा तर दुसरा माणूस लागे, तोही घरचा. म्हणून दोघांनी साटंलोटं ठरवलं. आधी दाजींचा, लगेच मेहुण्याचा. कोणी पहिलं, यावर वाद झालाच नाही. मेहुणा म्हणाला, "आधी तुम्ही. मान तुमचा." महिनाभर बारीकसारीक ठरवत होते. वीस वर्षांत दोघांनी कुठलंच काम इतकं मन लावून केलं नव्हतं.

"दाब, लेका!"

त्याने दाबलं. डब्याचं झाकण कापलं जाताना होतो तोच आवाज झाला, जरा ओला. किंकाळी त्यानंतर आली. मेहुण्याच्या गालावर, शर्टावर गरम चिळकांडी उडाली. साचा वर गेला तेव्हा खाली झाकणाच्या मापाचं काहीतरी होतं, कडा अगदी नीट.

दाजी गुडघ्यांवर आले. ठरल्याप्रमाणे मेहुण्याने कमरेचा पट्टा काढून त्यांचं मनगट करकचून आवळलं. मग आपला डावा हात पँटला स्वच्छ पुसला आणि साच्याखाली ठेवला.

"दाजी, उठा. आता माझा."

दाजी खरंच उठले. शब्दाचे पक्के. उजवा तळवा त्यांनी एका बटणावर टेकवला आणि दुसऱ्या बटणाकडे बघत राहिले. मेहुण्यानेही बघितलं.

दाजींनी थोटका हात बटणावर आपटला. एकदा. दोनदा. बटण रक्ताने बुळबुळीत झालं, दबलं नाही. तिसऱ्यांदा ते त्या बटणावरच कोसळले, पण उजवा हात पहिल्यावरून निसटला होता.

भोंगा झाला. माणसं धावली, दाजींना उचलून नेलं, साच्यावर पाणी मारलं. मुकादमाने मेहुण्याचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"शाबूत?"

"शाबूत."

"नशीब. रिकामी जागा भरायची नाही, असा वरून हुकूम आहे. आजपासून त्याची पाळीही तुझीच."

मेहुण्याने पत्रा साच्याखाली सरकवला. दोन्ही तळवे टेकवले. एक बटण अजून गरम होतं.