वॉर्डातलं इंग्रजी

“शी इज सिंकिंग,” मोठे डॉक्टर म्हणाले आणि नऊ नंबरच्या पलंगावरून दहाकडे वळले. मागची शिकाऊ पोरं माना डोलावत निघाली. एकाने दुसऱ्याच्या कानात सांगितलं, “चेकआउट.” दोघं फिदीफिदी हसले. मी पलंगाच्या पायथ्याशी भांडं धरून उभी होते. आम्हा आयांसमोर ही माणसं वाटेल ते बोलतात. खोलीत कोणी नसल्यासारखी.

मला इंग्रजी येत नाही, वॉर्डातलं येतं. ‘स्टेबल’ म्हणजे आज जात नाही. ‘वेट अँड वॉच’ म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणजे लांबच्या नातेवाइकांना बोलावून घ्या. ‘चेकआउट’ लोक हॉटेल सोडताना म्हणतात म्हणे, आमच्याकडची कार्टी माणूस जग सोडतो तेव्हा म्हणतात. आणि ‘सिंकिंग’ म्हणजे बुडत चाललेला, आता वर न येणारा. नातेवाईक मला दाराशी गाठतात, “मावशी, काय हो म्हणाले?” मी सांगून टाकते. सिस्टर माझ्यावर डाफरते, डाफरू दे. ज्याचं माणूस चाललंय त्यालाच तेवढं कळू नये, हा कुठला न्याय?

पण नऊ नंबरवर माझी थोरली जाऊ होती.

आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. मी आया म्हणून कामाला लागले तेव्हा हिने घरात जाहीर केलं, “लोकांची घाण काढणारे हात माझ्या स्वयंपाकघरात चालायचे नाहीत.” एवढ्यावर थांबली नाही. खोलीच्या मधोमध भिंत घालून घेतली. मग ती भिंतीपलीकडून मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने स्वतःशी बोलायची आणि मी तिला ऐकू जाईल इतक्या जोरात भांडी आपटायची. आता दीर नाहीत, तिचा मुलगा परगावी, उद्या पोचणार. आणि तिला पुसायला, कूस बदलायला माझेच हात. सुरुवातीला मला त्याचा आनंद झाला होता. झाला होता, खोटं कशाला बोलू?

“काय म्हणाला गं तो टकल्या?” तिने विचारलं.

“आराम करा म्हणाले.”

“दहा नंबरवालीला तर काल सगळं फोडून सांगितलंस. मला का नाही? सिंकिंग म्हणाला ना? काय असतं ते?”

परक्यांना सांगताना माझी जीभ कधी अडखळली नव्हती. आज टाळ्यालाच चिकटली. मी चादर ओढली, उशी सारखी केली, आणि तोंडातून भलतंच निघालं, “जाऊबाई, पाणी देऊ का थोडं?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. चेहरा पांढराफटक पडला.

“तू मला पाणी विचारतेस?” तिचा आवाज बारीक झाला. “एवढी हाताबाहेर गेलेय का मी?”

घात केला मी. डॉक्टरांच्या इंग्रजीने जे तिला कळलं नव्हतं ते माझ्या गोड बोलण्याने कळलं. मला माझा राग आला, त्या हसऱ्या कार्ट्यांचा आला आणि हिचा तर आलाच.

“विचारलं तरी तोंड वाकडं, नाही विचारलं तरी वाकडं!” मी कडाडले. “सिंकिंग म्हणजे किरकिरा पेशंट. सगळ्या वॉर्डाला वीट आणलाय तुम्ही. बेल दाबून दाबून मुलींचे पाय मोडायची वेळ आलीय!”

तिच्या गालांवर जरा रंग आला. “मी किरकिरी? आणि तू गं? भांडी आपटून आपटून एकाला बूड ठेवलं नाहीस.”

“माझी भांडी! आपटीन नाहीतर वाजवीन!”

“वाजव की. नाहीतरी तुला दुसरं येतंय काय?”

दहा नंबरवालीने डोक्यावरून पांघरूण घेतलं. दुपारभर मी कामातून वेळ काढून जाऊबाईंकडे येत होते आणि आम्ही भांडत होतो. भिंतीवरून झालं. तिच्या मुलाच्या लग्नात मला मागच्या रांगेत बसवलं, त्यावरून झालं. हळूहळू तिची वाक्यं तोकडी होत गेली. दोन शब्दांत दम लागायला लागला. तसं मी भांडण सोडून तिची उशी उंच केली.

“थांबलीस का?” तिने डोळे न उघडताच विचारलं. “बोल की. तू गप्प बसलीस की भीती वाटते मला.”

या बाईने मला आयुष्यभर पाण्यात पाहिलं. मीही तिला तसंच पाहिलं. आणि ती गेली तर मी भांडायचं कोणाशी, या विचाराने मला रडू फुटायला आलं होतं. मी तोंडात पदर कोंबला, काढला आणि सुरू केलं.

“बोलते की! घाबरते की काय तुम्हाला? भिंत घातलीत ती घातलीत, वर खिडकी सगळी आपल्याकडे घेतलीत. माझ्या बाजूला दिवसा दिवा लावायला लागतो, आहे का खबर?”

“हं,” ती म्हणाली. ‘खोटं आहे’ म्हणावं त्या सुरात.

मी खिडकीवरून सासूबाईंवर आले, सासूबाईंवरून तिच्या मुलावर. मधूनमधून तेवढं ‘हं’ येत होतं. मग तेही येईना. मी आवाज चढवला. तिच्या माहेरचा उद्धार केला, तो ती कधीच ऐकून घेत नसे.

सिस्टर आली. तिने जाऊबाईंची नाडी धरली, थोडा वेळ धरून ठेवली आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“मावशी, पुरे आता.”

“तुम्ही मध्ये पडू नका, सिस्टर,” मी म्हणाले. “आमचं अजून संपलेलं नाही.”